महिला फुटबॉल संघाच्या जीपीएस रिपोर्टमध्ये ‘स्प्रिंट : ०’ वारंवार येत असेल तर

समस्येचे स्वरूप साधारण असे असते. खेळाडूंच्या पाठीवर व्हेस्टमध्ये (घट्ट बंडीसारख्या कपड्यात) बसवलेला सेन्सर त्यांचा वेग आणि अंतर नोंदतो, आणि सामना संपल्यावर तासाभरात जीपीएसचा रिपोर्ट तयार होतो. उजव्या बगलेवरून ९० मिनिटे वर-खाली धावलेल्या विंगरच्या नावासमोर स्प्रिंटच्या रकान्यात ० मीटर असतात, मधल्या फळीतल्या दोघींच्या नावांसमोर ९ आणि १४ मीटर असतात, आणि एकूण अंतर मात्र सगळ्यांचे ९-१० किलोमीटरच्या घरात, म्हणजे अगदी व्यवस्थित असते. मुंबईतल्या एका वरिष्ठ महिला संघात खेळाडूंच्या धावण्याच्या भाराची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ही तक्रार हंगामात दोन-तीनदा तरी माझ्यापर्यंत येतेच. दुरुस्ती करावी, महिनाभर सगळे सुरळीत चालावे, आणि नवे सेन्सर आले, नवी खेळाडू संघात आली किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसली की तेच शून्य पुन्हा उगवावे, असा हा प्रकार आहे. पहिल्यांदा तो घडला तेव्हा त्या विंगरने मोबाइलवर रिपोर्ट पाहून मला विचारले होते, “ताई, मी धावलेच नाही का?” तोपर्यंत प्रशिक्षक सरांनी तिला पुढच्या आठवड्यात सरावानंतर जास्तीच्या धावा द्यायचे ठरवूनही टाकले होते, आणि त्या देण्याची काहीही गरज नव्हती.

सेन्सर बिघडला असावा ही शंका सर्वांत आधी मनात येते, पण सुरुवात तिथून करू नये. एकूण अंतर पटण्यासारखे असेल आणि शून्य एकाच वेळी अनेकींच्या नावांसमोर आले असेल, तर दोष बहुधा यंत्रात नसून वेगाच्या सीमारेषांमध्ये असतो. म्हणून सॉफ्टवेअरमधले झोनचे, म्हणजे वेगाच्या पट्ट्यांचे, पान उघडावे आणि तिथे कोणते आकडे भरलेले आहेत ते आधी कागदावर लिहून घ्यावे. तिथे ताशी १९.८ आणि २५.२ किलोमीटर, किंवा सेकंदाला ५.५ आणि ७ मीटर असे आकडे दिसले तर कारण सापडले असे समजावे. हे दोन्ही आकडे एकच आहेत. सेकंदाला मीटर या मापाला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलच्या विश्लेषणात या दोन रेषा वर्षानुवर्षे रूढ आहेत: १९.८ च्या वर ‘हाय-स्पीड’ आणि २५.२ च्या वर ‘स्प्रिंट’. महिला संघाचे खाते उघडताना कोणी मुद्दाम बदल केला नाही, तर हेच आकडे मुकाट्याने चालू राहतात.

या रेषा महिला खेळाडूंना का बसत नाहीत हे प्रशिक्षकांना समजावताना मी टक्केवारीचा आधार घेते, कारण ‘मुलींचा वेग कमी असतो’ एवढे सांगून कोणाचेच समाधान होत नाही आणि ते पुरेसेही नसते. ज्या पुरुष खेळाडूचा कमाल वेग ताशी ३४ किलोमीटर आहे, त्याच्यासाठी २५.२ ही रेषा त्याच्या क्षमतेच्या सुमारे ७४ टक्क्यांवर येते. म्हणजे चेंडूमागे मोकळ्या जागेत जोरात धावला की तो ती सहज ओलांडतो. जिचा कमाल वेग २६ आहे अशा आपल्या मिडफिल्डरसाठी तीच रेषा जवळजवळ ९७ टक्क्यांवर येते. सामन्यात, वळणे घेत, प्रतिस्पर्धी अंगावर असताना कमाल वेगाच्या ९७ टक्क्यांपर्यंत पोहोचण्याची वेळ फारशी येतच नाही, आणि आली तरी अर्धा-पाऊण सेकंद टिकते. तिने सामन्यात ३० वेळा जिवाच्या आकांताने धाव घेतली तरी त्या रेषेच्या हिशेबात ती चालत होती की धावत होती यात काही फरक राहत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. वेग जसजसा वाढतो तसतसे त्या वेगाला कापलेले अंतर झपाट्याने कमी होत जाते. खालच्या झोनमध्ये रेषा ताशी १ किलोमीटरने सरकली तर बेरजेत थोडासाच फरक पडतो. वरच्या टोकाला मात्र तेवढ्याच सरकण्याने स्प्रिंटचे अंतर निम्मे होऊ शकते किंवा पार नाहीसे होऊ शकते. म्हणून स्प्रिंटची रेषा ‘साधारण’ ठेवून चालत नाही. दशांशापर्यंतचा आकडा ठरवावा लागतो आणि तो लिहून ठेवावा लागतो.

कोणते आकडे भरावेत

महिला फुटबॉलसाठी सध्या वापरता येण्याजोग्या दोन आधाररेषा आहेत. २०१९ साली फ्रान्समध्ये झालेल्या महिला विश्वचषकाच्या शारीरिक विश्लेषणात फिफाने ताशी १९ ते २३ किलोमीटर हा एक झोन आणि २३ च्या वरचा दुसरा असे वरचे दोन झोन धरले होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंतरराष्ट्रीय दर्जाच्या महिला खेळाडूंच्या सामन्यांतल्या जीपीएस नोंदी घेऊन त्या नोंदींचे गट आपोआप कुठे पडतात हे गणिताने शोधले गेले, आणि १२.५, १९ आणि २२.५ या तीन रेषा सुचवल्या गेल्या. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या दोन्ही कामांत १९ हा आकडा समान यावा आणि वरची रेषा २२.५ ते २३ च्या दरम्यान यावी, हे मला विश्वास ठेवण्यास पुरेसे वाटते. आमच्या संघात १२.५, १९ आणि २२.५ वापरले जातात. तुमच्या संघाने १९ आणि २३ घेतले तरी काही बिघडत नाही, मात्र एकदा घेतले की हंगामभर तेच ठेवावेत.

इथे एक मोह होतो, आणि तो आमच्याकडेही झाला. आमच्या मुलींचे कमाल वेग आंतरराष्ट्रीय खेळाडूंपेक्षा कमी आहेत, तेव्हा रेषा १८ आणि २१ वर आणाव्यात, म्हणजे रिपोर्ट जरा भरलेला दिसेल आणि मुलींनाही बरे वाटेल, असे सरांचे म्हणणे होते. मी त्याला विरोध केला आणि तो आजही करीन. ठरावीक रेषेचा उपयोगच मुळी तुलनेसाठी असतो: याच सामन्याची त्या सामन्याशी, याच संघाची दुसऱ्या संघाशी, आणि उद्या आमच्यातली एखादी राष्ट्रीय शिबिरात गेली तर तिची तिथल्या बाकीच्या मुलींशी. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एएफसी महिला आशियाई चषकाचे सामने अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. ज्या गवतावर आशियातल्या सर्वोत्तम खेळाडू धावल्या त्याच शहरात आम्ही आमची फूटपट्टी आखूड करून घेतली, तर अंतर किती राहिले आहे हे आम्हाला कधीच कळणार नाही. पुरुषांची रेषा वापरणे चूक आहे, कारण ती दुसऱ्याच गटाच्या शरीरांवरून आलेली आहे. रिपोर्ट भरलेला दिसावा म्हणून रेषा खाली आणणे ही दुसरी चूक आहे.

आकडे भरताना होणाऱ्या चुका लहान असतात, पण त्या पुन्हा पुन्हा होतात. सॉफ्टवेअर सेकंदाला मीटर मागत असेल आणि तुम्ही १९ भरले, तर कोणीही कधीच त्या झोनमध्ये जाणार नाही. उलट ताशी किलोमीटरच्या जागी ५.३ भरले गेले, तर मैदानावर चालत गेलेली गोलकीपरही हाय-स्पीडमध्ये मोजली जाईल. काही ठिकाणी एकच दशांश स्थळ चालते, तिथे ६.२५ ऐवजी ६.३ भरावे लागते आणि रेषा २२.५ ऐवजी सुमारे २२.७ होते. फरक छोटा आहे, पण तोही नोंदवून ठेवावा.

नाव एक, रेषा दोन

झोन योग्य असूनही दोन रिपोर्ट जुळत नसतील, तर आकड्यांआधी शब्द तपासावेत. ‘हाय-स्पीड रनिंग’ हे नाव एका ठिकाणी १२.५ च्या वरच्या धावण्याला दिलेले असते आणि दुसऱ्या ठिकाणी १९ च्या वरच्या. शिवाय १९ च्या वरचे अंतर म्हणताना एक जण १९ ते २२.५ या पट्ट्यातलेच अंतर देतो आणि दुसरा त्यात स्प्रिंटही मिळवून देतो. आमच्या फिजिओ मॅडमच्या तक्त्यात आणि माझ्या तक्त्यात एका आठवड्यात एकाच मुलीच्या अंतरात १४० मीटरचा फरक आला होता, आणि अर्धी दुपार घालवल्यावर कळले की त्या पट्टा मोजत होत्या आणि मी रेषेवरची पूर्ण बेरीज. तेव्हापासून आमच्या रिपोर्टमध्ये झोनला नाव नसते, आकडा असतो: ‘१९ च्या वर, एकूण’ आणि ‘२२.५ च्या वर, एकूण’. दिसायला ते रुक्ष आहे, पण त्यावर वाद होत नाही.

स्प्रिंटचे अंतर ३१ मीटर आणि स्प्रिंटची संख्या मात्र ०, अशी विसंगतीही मधूनमधून दिसते. ही चूक नाही. संख्या मोजताना सॉफ्टवेअर किमान कालावधीची अट लावते. ती अट १ सेकंदाची असेल तर खेळाडूला २२.५ च्या वर सलग १ सेकंद, म्हणजे किमान सव्वासहा मीटर राहावे लागते, तरच ती एक स्प्रिंट धरली जाते. चारदा ०.८ सेकंद वर जाऊन खाली आलेल्या मुलीचे अंतर जमा होते, पण संख्या शून्यच राहते. अट अर्ध्या सेकंदाची ठेवावी की एकाची, यावर मतभेद आहेत. मी १ सेकंद ठेवते आणि संख्येपेक्षा अंतराकडे जास्त पाहते. मात्र ही अटही झोनच्या पानाबरोबर लिहून ठेवली पाहिजे, कारण सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर झोन जागेवर राहिले आणि ही अट तेवढी बदलली, असेही आमच्याकडे घडले आहे.

शून्य एकीच्याच नावासमोर असेल तर

आतापर्यंतचे सगळे संपूर्ण संघाच्या शून्याबद्दल होते. बाकीच्यांचे आकडे ठीक आहेत आणि एकीचेच शून्य येत आहे, अशा वेळी मात्र सेन्सर, व्हेस्ट आणि तिची स्वतःची नोंद तपासावी लागते.

व्हेस्टबद्दल फार कमी बोलले जाते. सेन्सर दोन्ही खांद्यांच्या पाठीमागच्या हाडांच्या मधोमध घट्ट बसायला हवा. पुरुषांच्या मापाची व्हेस्ट बारीक चणीच्या मुलीने घातली की सेन्सर पाठीवर उड्या मारतो, आणि मग धावण्याच्या नोंदीत नसलेले चढउतार शिरतात, विशेषतः धक्के आणि वेगवृद्धी मोजणारे आकडे हाती धरण्याजोगे राहत नाहीत. आम्ही मापे वेगळी मागवली आणि प्रत्येकीला तिचा एकच सेन्सर ठरवून दिला. त्यावर चिकटपट्टीने जर्सीचा क्रमांक लावला. एकाच कंपनीच्या दोन सेन्सरमध्येही थोडा फरक असतो, आणि सेन्सर रोज अदलाबदल होत असतील तर तो फरक खेळाडूच्या माथी मारला जातो.

मुंबईत आकाश हाही एक मुद्दा आहे. आझाद मैदानासारख्या मोकळ्या जागी उपग्रह भराभर सापडतात. कूपरेजसारख्या, शेजारी प्रेक्षागार आणि अवतीभवती इमारती असलेल्या मैदानावर, किंवा परळ भागात टॉवरांच्या पायथ्याशी असलेल्या टर्फवर, संकेत भिंतींवर आपटून येतात आणि एका बगलेला खेळणाऱ्या मुलीची नोंद दुसऱ्या बगलेपेक्षा खराब येऊ शकते. म्हणून सेन्सर पॅव्हेलियनच्या छपराखाली चालू करून लगेच घालू नयेत. वॉर्म-अपच्या १०-१५ मिनिटे आधी उघड्यावर ओळीने मांडून ठेवावेत आणि प्रत्येक फाइलमध्ये उपग्रहांची संख्या किती होती हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाऊस पडला की जीपीएस जातो, असे आमच्या मैदानावरचे सगळेच ठामपणे सांगतात, परंतु पावसाच्या सरींचा या संकेतांवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. जुलैत आकडे उतरतात ते चिखलामुळे. त्या मैदानावर कोणीच तेवढ्या वेगाने धावू शकत नाही, आणि रिपोर्ट ते खरेच सांगत असतो.

आणि आता लोकलची गोष्ट. आमची एक डिफेंडर सरावानंतर सेन्सर बंद न करता बॅगेत टाकून अंधेरीहून विरार फास्टने घरी गेली. दुसऱ्या दिवशी फाइल जशीच्या तशी उतरवली गेली आणि तिच्या नावावर ताशी ७४ किलोमीटर कमाल वेग नोंदला गेला. हसून झाले, ती फाइल आम्ही कापली, पण सॉफ्टवेअरने तिच्या व्यक्तिगत पानावर कमाल वेग ७४ करून ठेवला होता ते कोणाच्या लक्षात आले नाही. कमाल वेगाच्या ९० टक्क्यांची जी रेषा आम्ही प्रत्येकीसाठी वेगळी ठेवतो, ती तिच्या बाबतीत त्यामुळे ६६.६ वर गेली आणि पुढचे तीन आठवडे तिने ती एकदाही गाठली नाही, यात तिचा दोष म्हणावा असे काही नव्हते. कमाल वेग आपोआप वाढवण्याची सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तिथे ती बंद करावी हे उत्तम. ती चालू ठेवायची असेल तर प्रत्येक नव्या विक्रमाची कच्ची नोंद उघडून पाहावी. खरी धाव आलेखात चढणीसारखी दिसते: तीन-चार सेकंद वेग वाढत जातो, क्षणभर टिकतो आणि उतरतो. १२ वरून ०.२ सेकंदात ३१ वर उडी मारून परत १२ वर आलेली रेष ही धाव नसते; असा वेगबदल माणसाच्या शरीराला शक्य नाही.

व्यक्तिगत झोन : कुठे उपयोगी, कुठे गोंधळ

ठरावीक रेषा योग्य ठेवल्या तरी एक अडचण उरतेच, आणि तीच सर्वांत विचार करण्यासारखी आहे. आमच्या संघात सर्वांत वेगवान विंगर ताशी २८.६ पर्यंत जाते आणि एक सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधली खेळाडू) २४.५ च्या पुढे जात नाही. दोघींसाठी २२.५ हीच रेषा. विंगरसाठी ती ७९ टक्क्यांवर आहे, सेंटर-बॅकसाठी ९२ टक्क्यांवर. मांडीच्या मागच्या स्नायूंना कमाल वेगाच्या जवळची धाव नियमितपणे मिळत राहावी, ती अचानक वाढू नये आणि आठवडेच्या आठवडे बंदही पडू नये, हे पाहणे माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आणि त्या कामासाठी ठरावीक रेषा दोघींबद्दल चुकीचे सांगते. विंगर २२.५ वर २०० मीटर धावली तरी ती तिच्या कमाल वेगाच्या जवळ एकदाही गेलेली नसू शकते. सेंटर-बॅक मात्र २२.०५ ला, म्हणजे रिपोर्टमध्ये स्प्रिंट म्हणून दिसण्याच्या आधीच, आपल्या ९० टक्क्यांना पोहोचलेली असते.

तेव्हा सगळेच झोन प्रत्येकीसाठी वेगळे करावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. मीही एक हंगाम ते करून पाहिले. त्यासाठी प्रचलित रीत अशी आहे की खेळाडूचा कमाल एरोबिक वेग (दमाच्या जोरावर काही मिनिटे टिकवता येणारा सर्वांत जास्त वेग) आणि कमाल स्प्रिंट वेग मोजायचा, दोहोंतला फरक म्हणजे तिचा राखीव वेग धरायचा, आणि एरोबिक वेगात या फरकाचे ३० टक्के मिळवून स्प्रिंटची रेषा काढायची. आमच्या विंगरचा एरोबिक वेग १४.२ निघाला, प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर तिने १५०० मीटर ६ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण केले होते. कमाल वेग २८.६, फरक १४.४, त्याचे ३० टक्के ४.३, म्हणजे रेषा १८.५. सेंटर-बॅक मात्र दमदार आहे: एरोबिक वेग १५.४, कमाल २४.५, फरक ९.१, त्याचे ३० टक्के २.७, आणि रेषा १८.१. दोघींच्या कमाल वेगात ताशी ४ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असताना त्यांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी आल्या, कारण सूत्रातला एक भाग एकीला वर नेतो आणि दुसरा तिला खाली ओढतो. त्यातही विंगरची ‘स्प्रिंट’ तिच्या स्वतःच्या कमाल वेगाच्या ६५ टक्क्यांपासूनच सुरू होऊ लागली. परतीच्या वाटेवर जरा लगबगीने धावली तरी तिचे स्प्रिंटचे अंतर वाढत होते. सूत्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. दम लागण्याच्या अंगाने भार मोजायचा असेल तर त्यात तथ्य आहे. पण मांडीच्या स्नायूंची काळजी घेण्यासाठी ते माझ्या कामाचे ठरले नाही.

या रीतीत आणखी एक चूक सर्रास होते, ती इथेच सांगते. एरोबिक वेगाच्या जागी ३०-१५ चाचणीचा शेवटचा वेग भरला जातो. त्या चाचणीत ३० सेकंद धावणे आणि १५ सेकंद चालणे असते, वेग ताशी ८ किलोमीटरपासून सुरू होऊन दर टप्प्याला अर्ध्याने वाढतो, आणि मधल्या विश्रांतीमुळे शेवटी गाठलेला वेग खऱ्या एरोबिक वेगापेक्षा बराच जास्त असतो. तो आकडा सरावाच्या धावा आखायला उत्तम आहे, पण वरच्या सूत्रात घातला की सगळ्याच रेषा वर सरकतात आणि शून्ये परत येतात.

आता आम्ही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो, मात्र एकमेकींत मिसळत नाही. १९ आणि २२.५ या ठरावीक रेषा सामन्याचा आणि संघाचा हिशेब सांगतात. त्यांच्या बाजूला एकच व्यक्तिगत रकाना असतो: या आठवड्यात ही मुलगी तिच्या स्वतःच्या कमाल वेगाच्या ९० टक्क्यांवर किती वेळा गेली. सरांना पहिल्या आठवड्यात तीन रकाने जास्त वाटले. सेंटर-बॅकच्या पहिल्या दोन रकान्यांत जवळजवळ काही नाही आणि तिसऱ्यात चार, हे पाहिल्यावर मात्र तिला रविवारच्या सामन्यानंतर सोमवारी जास्तीच्या धावा देण्याचा बेत त्यांनी स्वतःच रद्द केला. दुखापतीतून परतणाऱ्या मुलीसाठी तर मी पहिले दोन रकाने झाकूनच ठेवते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुनरागमन करणारी खेळाडू तिच्या जुन्या कमाल वेगाच्या ७० टक्क्यांवरून ८० वर आणि मग ९० वर कधी गेली, एवढेच त्या काळात कामाचे असते, आणि तो जुना आकडा दुखापतीच्या आधीचाच धरावा लागतो.

या रकान्याचा सगळा भरवसा कमाल वेगाच्या मोजणीवर आहे, म्हणून ती मोजणी नीट करावी. आम्ही कोरड्या टर्फवर, पुरेशा वॉर्म-अपनंतर आणि दोन दिवस जड सराव न देता ४० मीटरच्या तीन धावा घेतो, दोन धावांमध्ये तीन-चार मिनिटे विश्रांती देतो, आणि ३० ते ४० मीटरमधला वेळ टायमिंग गेटने (खेळाडू मधून जाताच वेळ नोंदणाऱ्या खांबांनी) घेतो. ते १० मीटर १.३८ सेकंदांत गेले तर वेग ताशी २६.१ किलोमीटर येतो. सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. सामन्यातला कमाल वेग सहसा यापेक्षा कमी असतो, कारण सामन्यात सरळ ४० मीटर कोणी मोकळे सोडत नाही. तेव्हा फक्त सामन्यांवरून कमाल वेग ठरवला तर ९० टक्क्यांची रेषा खाली येते आणि रकाना खोटा भरलेला दिसतो. ऑक्टोबरच्या दुपारी ही चाचणी घेऊ नये, हे मुंबईत राहणाऱ्यांना सांगायला नको, तरी एका वर्षी आम्ही घेतली होती आणि सगळीच पत्रके फेकून द्यावी लागली.

लहान मैदानावरच्या खेळांबद्दल एकच गोष्ट. ३० बाय २० मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार खेळवले आणि १९ च्या वर कोणीच गेले नाही, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. तेवढ्या जागेत तो वेग येतच नाही. त्या दिवसाचा खरा भार थांबण्यात, वळण्यात आणि जागेवरून झेपावण्यात असतो, आणि तो वेगाच्या झोनमध्ये दिसत नाही.

समस्या पुन्हा का येते

सगळे आकडे दुरुस्त केल्यावर ही समस्या परत येण्याचे खरे कारण बहुतेक वेळा एकच असते: झोन फक्त सॉफ्टवेअरच्या आत राहतात आणि इतरत्र कुठेच लिहिलेले नसतात. नव्या खेळाडूचे खाते उघडले की तिला मूळचे, म्हणजे पुरुषांचे झोन लागतात, आणि संघातल्या २२ जणींचे आकडे बरोबर असताना तेवीसाव्या मुलीचे चुकलेले कोणाच्या लक्षात येत नाही. झोन बदलल्यावर अनेक ठिकाणी ते पुढच्या सत्रांनाच लागतात. जुनी सत्रे जुन्याच रेषांवर राहतात आणि आलेखात अमुक तारखेपासून सगळ्यांचा भार एकदम वाढलेला दिसतो. आमच्याकडे असा आलेख पाहून एका तरुण सहकाऱ्याने चार जणींना विश्रांती देण्याची शिफारसही केली होती. म्हणून कच्च्या फाइल प्रत्येक सत्रानंतर वेगळ्या साठवाव्यात, रेषा बदलल्या तर हंगामातली सगळी सत्रे नव्या रेषांवर पुन्हा चालवून घ्यावीत, आणि ते शक्य नसेल तर आलेखावर त्या तारखेला उभी रेघ मारून तिच्या अलीकडची-पलीकडची बेरीज करू नये. सामने कॅमेऱ्यावरून मोजले जात असतील आणि सराव जीपीएसवरून, तर त्या दोहोंचीही थेट बेरीज करू नये. रेषा सारख्या असल्या तरी मोजमापे सारखी नसतात.

रेषा बदलण्यासाठी आम्ही हंगामपूर्व काळातला एक आठवडा ठरवला आहे. मधल्या काळात फक्त एखादीचा कमाल वेग वाढल्याचे तपासून सिद्ध झाले तर तिचा ९० टक्क्यांचा आकडा वर जातो. आजारपण, दुखापत किंवा खराब मैदान यांमुळे तो खाली कधीच आणला जात नाही. सेन्सर ज्या पेटीत चार्ज होतात तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीन रेषा दोन्ही मापांत लिहिलेल्या आहेत: १२.५, १९ आणि २२.५; ३.४७, ५.२८ आणि ६.२५. त्याखाली किमान कालावधी १ सेकंद, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कमाल वेग आपोआप वाढवणे बंद, आणि शेवटचा बदल कोणी व कोणत्या तारखेला केला हे आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत झाले किंवा नवी मुलगी संघात आली की जो कोणी पेटी उघडेल त्याने कागद आणि पडदा ताडून पाहायचा आणि तारखेपुढे सही करायची. सगळ्यात खालची ओळ त्या डिफेंडरने स्वतःच्या हाताने लिहिली आहे: ‘स्टेशनला जाण्याआधी सेन्सर बंद करणे.’